भोसल्यांची नाटककार शाखा

इंग्लंडातील लोकांना राजकारणी घराण्यांच्या वंशावळी चाळण्याची हौस फार. कोण कोणाचा नातू, कोणाची बहीण कोणत्या मंत्र्याला दिली, याचा हिशोब तेथील वृत्तपत्रे मोठ्या चवीने मांडतात. त्यातही एखाद्या घरात राजकारणाबरोबर रंगभूमी नांदत असली, तर त्या वंशवृक्षाला निराळाच बहर येतो. आस्क्विथ घराण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हर्बर्ट हेन्री आस्क्विथ हे १९०८ ते १९१६ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांची कन्या व्हायोलेट बॉनम कार्टर लिबरल पक्षाच्या नामांकित वक्त्या. धाकटा मुलगा अँथनी चित्रपटदिग्दर्शक झाला, आणि बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर १९३८ साली निघालेल्या बोलपटाच्या दोघा दिग्दर्शकांत त्याचे नाव आहे. व्हायोलेटबाईंचे जावई जो ग्रिमंड पुढे लिबरल पक्षाचे नेते झाले, आणि त्यांची नात हेलेना बॉनम कार्टर आज जगभर अभिनेत्री म्हणून ओळखली जाते.

अशा घराण्याचे कौतुक करण्यासाठी मराठी श्रोत्याला विलायतेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे एक राजघराणे असे होऊन गेले, की त्यात राज्य करणारा आणि नाटक लिहिणारा हा एकच माणूस असे, आणि हा प्रकार एका पिढीपुरता नव्हता. बापाने रामायण लिहावे, मुलाने नाटके लिहावी, दुसऱ्या मुलाने संगीतशास्त्रावर ग्रंथ रचावा, नातवाने पुन्हा नाटकांकडे वळावे आणि शेवटी एका दत्तक वारसाने भूगोलच नाटकात घालून दाखवावा, असा हा शंभर-सव्वाशे वर्षांचा क्रम आहे. हे घराणे तंजावरच्या भोसल्यांचे. परंतु त्याचा उगम तंजावरास नाही. तो बंगळूरास आहे, आणि मराठी माणूस नेमका तेवढाच भाग विसरतो.

केंपेगौडांनी १५३७ साली वसविलेले बंगळूर १६३८ साली विजापूरकरांच्या हाती आले. रणदुल्लाखानाच्या सैन्याबरोबर शहाजीराजे भोसले त्या मोहिमेवर होते. आदल्याच वर्षांत निजामशाहीचा शेवट झाला होता, आणि ती टिकविण्यासाठी जिवाचे रान केलेल्या शहाजीराजांना आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली होती. त्यांना महाराष्ट्रापासून दूर ठेवावे हा विजापूरचा मनसुबा. बंगळूरची जहागीर त्यांना मिळाली ती अशी. केंपेगौडांचे वंशज मागडीस गेले आणि बंगळूरच्या किल्ल्यात मराठी दरबार भरू लागला. जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ तेथे येऊन राहिले होते. पुढे ती दोघे पुण्यास परतली. थोरले चिरंजीव संभाजी वडिलांजवळच राहिले आणि कनकगिरीच्या लढाईत पडले. तुकाबाईंच्या पोटी झालेले एकोजी, ज्यांना व्यंकोजी असेही म्हणतात, ते याच दरबाराच्या सावलीत वाढले.

तो दरबार कसा होता याची कल्पना जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून येते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयराम नाशिककडचा. शहाजीराजांची कीर्ती ऐकून तो दक्षिणेत गेला. राजांच्या पुढे त्याने बारा नारळ ठेवले. या नारळांचा अर्थ काय, असे विचारता, आपल्याला बारा भाषांत कविता करता येते, असे त्याने उत्तर दिले. त्या सभेत संस्कृत पंडित होते, तसे कानडी, तेलुगू, हिंदी, फार्सी अशा भाषांत रचना करणारेही होते. समस्या घालाव्यात आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत त्या पुऱ्या कराव्यात, असा तेथील विनोद होता. जहागिरीचा मालक मराठी, रयत कानडी, चाकरी फार्सी दफ्तराची, आणि शेजारी तेलुगू व तमिळ मुलूख. अशा घरात वाढलेल्या मुलाला एकाच भाषेत मावणे कठीणच होते. भोसल्यांच्या या शाखेला पुढे जे बहुभाषी वळण लागले, त्याचे मूळ शोधायचे तर ते या बंगळूरच्या सभेत शोधावे लागते. तंजावरच्या पाण्याचा तो गुण असे म्हणणाऱ्यांनी ही सभा लक्षात घेतलेली दिसत नाही.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. बंगळूर एकोजींकडे आले. आज बंगळूरचा मल्लेश्वरम् हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या भागाला ज्या काडु मल्लेश्वर देवालयावरून नाव मिळाले, त्या देवाला १६६९ साली एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. ज्या देवावरून उपनगर ओळखले जाते त्याला गाव देणारा हात कोणाचा, हे तेथे राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांनाही ठाऊक नसेल.

बंगळूरहून हे घराणे तंजावरास कसे गेले, ही हकीकत वंशावळीच्याच एका तंट्यातून निघते. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावरचे नायकराज्य बुडविले. त्या कत्तलीतून वाचलेला म्हणून चेंगमलदास नावाचा एक मुलगा पुढे करण्यात आला, आणि त्याला त्याच्या वाडवडिलांच्या गादीवर बसवावे म्हणून विजापूरने एकोजींना पाठविले. एकोजींनी तंजावर जिंकले, मुलाला गादीवर बसविले, आणि थोड्याच काळात, १६७५च्या सुमारास, त्या गादीवर स्वतः बसले. दुसऱ्याच्या वारसाहक्काची तड लावण्यास जो जातो तो बहुधा त्या घराचा मालक होतो. ही गोष्ट येथे नमूद करून ठेवावी, कारण पुढे याच घराण्यावर ती तशीच उलटली.

तंजावर मिळाले तरी भाऊबंदकी सुटली नव्हती. शहाजीराजांचे जुने कारभारी रघुनाथ नारायण हणमंते एकोजींशी न पटून शिवाजीमहाराजांकडे गेले, आणि १६७७ च्या कर्नाटक स्वारीत महाराजांनी वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा धाकट्या भावाकडे मागितला. दोघांची भेट कोल्लिडम नदीच्या काठी झाली. बोलणी चालू असताना एकोजी रात्री नदी उतरून तंजावरास निघून गेले. पुढे समेट झाला, आणि त्या समेटात बंगळूरचा मुलूख महाराजांनी एकोजींची पत्नी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला, असे बखरकार सांगतात. दीपाबाई ही या शाखेतील मोठी कर्ती बाई. पतीच्या मागे अल्पवयीन मुलांच्या हातून राज्य चालविताना तिचाच आधार होता.

बंगळूर मात्र हातचे गेले. तंजावरातून तो दूरचा मुलूख सांभाळणे एकोजींना परवडेना. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांशी तीन लाख रुपयांचा सौदा ठरत होता. तेवढ्यात १६८७ साली मोगल सरदार कासीमखान याने शहर घेतले आणि नंतर ते त्याच वोडेयारांच्या स्वाधीन केले. पन्नास वर्षांचा मराठी अंमल असा संपला. घराण्याचे पहिले घर दुसऱ्याचे झाले, आणि पुढच्या पिढ्या कावेरीकाठी वाढल्या.

एकोजींनी तेलुगूत द्विपदी छंदात रामायण रचले. तंजावरात नायकांच्या काळापासून दरबारची भाषा तेलुगू होती. नव्या राजाने ती मोडून काढली नाही, उलट स्वतःच तीत लिहावयास घेतले. त्यांना दीपाबाईपासून तीन मुलगे झाले : शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. तिघेही एकामागून एक राज्यावर बसले. आजोबांचे नाव घेतलेला थोरला शहाजी १६८४ साली, बारा वर्षांचा असताना राजा झाला आणि १७१२ पर्यंत त्याने राज्य केले. ग्रंथांतून त्याला शाहराज म्हटले आहे. या घराण्याचा खरा नाटककार तो.

शाहराजाच्या दरबारात विद्वानांची गर्दी होती. १६९३ साली त्याने तिरुविशनल्लूर हे गाव शाहजीराजपुरम् या नावाने छेचाळीस पंडितांना अग्रहार म्हणून दिले. एवढ्या विद्वानांना पोसणारा राजा पंडिती थाटात काव्ये लिहिण्यात रमला असता तर नवल नव्हते. पण त्याचा ओढा नाटकाकडे होता, आणि तोही लोकांना समजेल, गाता येईल, नाचता येईल अशा नाटकाकडे. तिरुवारूरच्या त्यागेशाला वाहिलेले त्याचे ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ हे तेलुगू गेय नाटक दक्षिणेतील संगीतज्ञ आजही आदराने घेतात. ‘सतीदानशूरमु’ हे त्याचे तेलुगू प्रहसन तर फारच धीट आहे. त्यात मोरोभटलू नावाचा एक शास्त्रज्ञ ब्राह्मण एका चर्मकार स्त्रीवर लुब्ध होतो आणि तिच्या नवऱ्याकडेच तिचे दान मागतो. छेचाळीस पंडितांना गाव देणाऱ्या राजाने हे प्रहसन लिहावे, आणि त्यातील ब्राह्मणाचे नाव मराठी वळणाचे असावे, यात राजाचा मिस्किलपणा दिसतो. आपल्याच लोकांची थट्टा करण्याइतका तो राजा त्या मातीत रुजला होता.

त्याची मराठी नाटके याच काळातली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले नामांकित. १६९० च्या सुमारास रचलेले हे नाटक मराठी भाषेतील उपलब्ध नाटकांत सर्वांत जुने मानले जाते. देवदेवतांची लग्ने, त्यांची भांडणे, रुसवेफुगवे आणि मिलन हे अशा नाटकांचे विषय. आरंभी सूत्रधार येतो, गणपतीचे आगमन होते, विदूषकाच्या धाटणीचे पात्र प्रेक्षकांना हसविते, मग पात्रे एकामागून एक ‘दरु’ नावाच्या पदाने प्रवेश करतात आणि मधूनमधून साध्या गद्यात बोलतात. भाषा मराठी, पण सांगाडा दक्षिणेतील यक्षगानाचा. मराठी बोलणारे सरदार, कारकून आणि देशस्थ गृहस्थ प्रेक्षकांत बसत असतील आणि त्यांच्या शेजारी तमिळ नट-नर्तकींचा मेळा असेल, अशी ती रंगसभा.

या सर्वांहून लक्षणीय कृती म्हणजे ‘पंचभाषाविलास’. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या श्रीकृष्णाला वरू पाहतात, आणि ज्या देशाची कन्या त्या देशाच्या भाषेत ती बोलते. तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या भाषा एकाच रंगमंचावर एकमेकींना उत्तरे देतात, आणि पाचवी संस्कृत. हे नाटक वाचताना जयरामाचे बारा नारळ आठवल्याखेरीज राहत नाहीत. आजोबांच्या बंगळूरच्या सभेत जो खेळ समस्यापूर्तीचा होता, तोच नातवाने तंजावरात पात्रांच्या तोंडी घातला. नातवाने तो प्रसंग पाहिलेला नव्हता. त्याच्या जन्माआधीच आजोबा गेले होते. पण घरात काही रीती बोलून न दाखविता उतरतात. वंशावळीत जमिनीचा आणि मानापानाचा वारसा लिहिलेला असतो, या वारशाला तिच्यात रकाना नसतो.

येथे एका जुन्या वादाला तोंड फुटते. मराठी रंगभूमीचा जन्म ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस झाला, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तो हा दिवस, असे आपण मानतो आणि तो दिवस साजरा करतो. तंजावरची नाटके त्याच्या दीडशे वर्षे आधीची. मग भाव्यांचा मान काढून घ्यावयाचा काय? तसे करण्याचे कारण नाही. भाव्यांना तंजावरची नाटके ठाऊक नव्हती, आणि तंजावरचे खेळ महाराष्ट्रात कधी आले नव्हते. सांगलीच्या रंगभूमीपासून पुढे नाटक मंडळ्या निघाल्या, तिकिटे लागली, किर्लोस्कर-देवल आले. तंजावरच्या रंगभूमीला असे अपत्य झाले नाही. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी खेळ केला आणि तसे काही मराठीत करावे अशी आज्ञा भाव्यांना झाली. म्हणजे भाव्यांनीही सूत्रधार, गणपती आणि विदूषक घेतले ते दक्षिणेच्याच यक्षगानातून. दोन मराठी रंगभूमी एकमेकींना न ओळखता एकाच आईच्या पोटी जन्मल्या, असे फार तर म्हणता येईल. थोरली कोण आणि धाकटी कोण हे सांगायला जन्मतारखा पुरेशा आहेत. त्यासाठी तंटा नको.

आता पुन्हा घराण्याकडे वळू. शाहराजास मूल नव्हते. मागून सरफोजी आला, त्यालाही औरस पुत्र राहिला नाही. तिसरा भाऊ तुकोजी १७२८ ते १७३६ राजा होता. ‘संगीतसारामृत’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ आजही कर्नाटक संगीताच्या अभ्यासकाला चाळावा लागतो. तुकोजीच्या मृत्यूनंतर मात्र तीन वर्षांत जे घडले ते एखाद्या नाटककाराने रचले असते तर प्रेक्षकांनी अतिरंजित म्हणून हसून सोडून दिले असते. मुलगा एकोजी वर्षभरात वारला. त्याची विधवा सुजानबाई हिने काही काळ कारभार पाहिला. मग, आपण सरफोजीराजांचा पुत्र आहोत असे सांगणारा एक तरुण पुढे आला. त्याला काट्टुराजा, म्हणजे रानातला राजा, असे लोक म्हणत, आणि स्वतःला तो शहाजी म्हणवी. तो काही महिने गादीवर बसला आणि हुसकला गेला. अखेर १७३९ साली तुकोजीचा मुलगा प्रतापसिंह राजा झाला. हा खड्गाशी लग्न लावून आणलेल्या स्त्रीचा मुलगा, म्हणून त्याच्या हक्कावरही बोट ठेवणारे होतेच.

प्रतापसिंह शहाणा निघाला. त्याने चोवीस वर्षे राज्य केले आणि कुळाचा वसा पुन्हा उचलला. त्याने मराठीत नाटके लिहिली. त्याच्याच दरबारात मुद्दुपळनी ही गणिका-कवयित्री होती, जिचे ‘राधिकासांत्वनमु’ हे तेलुगू काव्य पुढे इंग्रजी अमदानीत अश्लील म्हणून जप्त झाले. पण रानातला राजा गप्प बसला नव्हता. त्याने इंग्रजांचे दार ठोठावले. त्याला गादी मिळवून देण्याच्या नावाने कंपनीच्या फौजेने १७४९ साली कोल्लिडमच्या मुखाजवळचा देवीकोटै किल्ला घेतला. किल्ला हाती येताच इंग्रजांनी प्रतापसिंहाशी तह केला, किल्ला ठेवून घेतला आणि त्या बिचाऱ्या दावेदाराची पेन्शनीवर बोळवण केली. एकोजी चेंगमलदासाला गादी देण्यास आले होते, त्याला पाऊणशे वर्षे होत होती.

प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी याच्या वेळी तंजावरचे नाव थेट लंडनच्या राजकारणात गाजले. अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने १७७३ साली राज्य घेतले. कंपनीच्या संचालकांनी ते परत देण्याचा हुकूम केला, आणि मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी १७७६ साली तुळजाजीला पुन्हा बसविले. नबाबाला कर्जे देऊन बसलेल्या मद्रासच्या कौन्सिलरांना ते रुचले नाही. त्यांनी आपल्याच गव्हर्नराला अटक केली, आणि पिगट कैदेतच १७७७ साली मरण पावला. पार्लमेंटचा प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याच्या कुटुंबातला विल्यम बर्क हा तंजावरच्या राजाचा वकील होता. इंग्रजी राजकारणी घराण्यांच्या वंशावळी रंगविणाऱ्यांनी आपल्या नाटकात तंजावरचाही एक प्रवेश आहे हे ध्यानात ठेवावे.

तुळजाजी निपुत्रिक होता. १७८७ साली मरणापूर्वी त्याने भोसलेकुळातील सरफोजी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन पाद्रीच्या हाती त्याचे पालकत्व सोपविले. तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह मधे पडला. शास्त्रीमंडळी बसविण्यात आली. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक, वय मोठे, आणि दत्तक घेणाऱ्याची प्रकृती ठिकाणावर नव्हती, अशी कारणे देऊन दत्तक अशास्त्र ठरविण्यात आला, आणि अमरसिंह राजा झाला. श्वार्ट्झने हार मानली नाही. मुलाच्या जिवाला धोका दिसताच त्याला १७९३ साली मद्रासेस हलविण्यात आले. दुसरीकडच्या शास्त्र्यांचे मत मागविले, ते उलटे पडले. तेच शास्त्र, तोच मुलगा, आणि दोन निवाडे. शेवटी निवाडा देणारी कंपनी होती. २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारला होता, त्याला हा दिवस दिसला नाही. कंपनीने न्यायाची किंमत वसूल करण्यास दीड वर्षही लावले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सारा राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजाला उरला किल्ला, सालिना एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य नसलेल्या या बावीस वर्षांच्या राजाने चार वर्षांनी जे केले ते मोठे विलक्षण आहे. त्याने आपल्या चिटणीसाकडून, बाबूराव चिटणीसाकडून, भोसले कुळाचा इतिहास लिहविला आणि १८०३ साली तो बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविला. ‘भोसलेवंशचरित्र’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. राजराज चोळाने बांधलेल्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, मराठीत आपली वंशावळ कोरण्याची निकड सरफोजीस का वाटली असावी? औरस पुत्राला आपला बाप कोण हे दगडावर लिहून ठेवावे लागत नाही. ज्याचा हक्क दोन वेळा शास्त्र्यांच्या पंक्तीत तोलला गेला, एकदा खोटा आणि एकदा खरा ठरला, त्याला ती गरज वाटली तर त्याला दोष देता येत नाही. कागद जाळता येतो, शास्त्री फिरविता येतो. देवळाच्या भिंतीला हात लावण्यास कंपनीचा रेसिडेंटही दहा वेळा विचार करील, असा हिशोब त्यात असावा.

परंतु रक्ताने दूरच्या या वारसाने घराण्याची दुसरी वहिवाट सर्वांहून जास्त इमानाने चालविली. तलवार उरली नव्हती, तेव्हा त्याने सारे बळ विद्येवर लावले. १८०५ साली त्याने वाड्यात देवनागरी छापखाना घातला, आणि दुसऱ्या वर्षी त्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने निघाल्या. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्याने देशोदेशींचे ग्रंथ आणून वाढविला. नृत्यासाठी मराठीत त्याने रचलेल्या निरूपणांचे बाड ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने राहिले आहे. आणि त्याने नाटक लिहिले : ‘देवेंद्रकुरवंजी’. तमिळ रंगभूमीवर कुरवंजी म्हणजे हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरी बाई. प्रेयसीला तिचा प्रियकर केव्हा भेटेल ते सांगणे हे तिचे नेहमीचे काम. सरफोजीने तिला मराठी बोलायला लावले आणि तिच्या तोंडून पृथ्वीवरील खंडे, देश, नद्या आणि डोंगर वदविले. शाळेतील भूगोल नाचगाण्यातून शिकविण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला त्या घराण्याचा दत्तकपुत्र म्हणताना कोणत्या शास्त्र्याची जीभ अडखळली असती?

सरफोजी १८३२ साली वारला. मुलगा शिवाजी तेवीस वर्षे नामधारी राजा होता. त्याला मुली होत्या, मुलगा नव्हता. १८५५ च्या ऑक्टोबरात तो वारला, आणि डलहौसीच्या सरकारने गादी खालसा करून वाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती बसविली. थोरली राणी कामाक्षीबाई कोर्टात गेली. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली तो फिरविला. जप्ती ही सरकारने राजसत्तेच्या नात्याने केलेली कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असा तो निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो अजून पाठ करावा लागतो. एका मराठी विधवेचा दावा इंग्रजी कायद्याचे सूत्र होऊन बसला. पुढे सरकारने मालमत्ता राजस्त्रियांना परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. सरस्वती महाल १९१८ साली लोकांस खुला झाला, आणि शाहराजाच्या, प्रतापसिंहाच्या नाटकांची बाडे अभ्यासकांच्या हाती आली.

नाटके बाडांत बांधली गेली तरी तंजावरच्या मराठीचा सूर पुरता थांबला नाही. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ऐकून तंजावरच्या कृष्णभागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आजही त्याच नावांनी गायिली जातात. गाणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही.

आणि बंगळूर? तेथे मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात कानडी, हा त्यांचा शिरस्ता. अशाच एका गायकवाड कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी एक मुलगा जन्मला, त्याचे नाव शिवाजी ठेवले. तो बंगळूरच्या बसवर कंडक्टर झाला, मद्रासेस जाऊन अभिनय शिकला, आणि रजनीकांत या नावाने तमिळ चित्रपटांचा अनभिषिक्त राजा झाला. २०१७ च्या अखेरीस त्याने राजकारणात उतरण्याची घोषणाही केली होती, ती तीन वर्षांनी मागे घेतली. भोसल्यांच्या वंशावळीशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि तसा जोडण्याचा खटाटोप कोणी करू नये. वाट मात्र तीच : बंगळूरहून तमिळ मुलखाकडे, घरची मराठी मनात ठेवून परक्या भाषेत रंगमंचावर. एकोजी त्या वाटेने गेले त्याला सुमारे तीनशे वर्षे झाली असताना, १९७५ साली, त्याचा पहिला चित्रपट ‘अपूर्व रागंगळ’ लागला. त्याला ती पहिली भूमिका देणारे दिग्दर्शक के. बालचंदर हे जुन्या तंजावर जिल्ह्यातील नन्निलमचे.